‘नगरसेवक नव्हते, तरी गाव चाललंच की!’

येवल्यात हे वाक्य आता म्हणीसारखं झालं आहे. पैठणीच्या दुकानात गिऱ्हाईक नसताना ते ऐकू येतं, विंचूर चौफुलीवर एसटीची वाट पाहताना ऐकू येतं. बोलणारे टवाळ नसतात. शिक्षक असतात, व्यापारी असतात, निवृत्त अधिकारी असतात. त्यांचं म्हणणं असं की करोनात गाव सांभाळलं ते जिल्हाधिकारी, तहसीलदार, पोलीस आणि डॉक्टरांनी. नगरसेवक एकतर घरात बसले, नाहीतर धान्याच्या पिशवीवर स्वतःचा फोटो छापून फिरले. पुढे २०२१ च्या अखेरीस पालिकेची मुदत संपली, प्रशासक आले, आणि चार वर्षं गावाचं काही अडलं नाही. मग ती सभा, ते ठराव, ती भांडणं हवीत कशाला?

म्हणणारी माणसं शहाणी आहेत, म्हणूनच त्यांना उत्तर द्यायला हवं.

नगरसेवकांची वकिली मला करायची नाही. तांदळाच्या पिशवीवर छबी छापणारे महाराष्ट्रात गावोगावी होते. फवारणीचा पंप पाठीवर घेऊन फोटोपुरतं चार पावलं चालणारेही होते. पण त्यांच्यावर ठपका ठेवण्याआधी २०२० च्या मार्चमध्ये अधिकार कुणाच्या हातात गेले, हे तरी पाहू. सगळे आदेश निघाले ते दोन कायद्यांच्या जोरावर: १८९७ चा साथरोग कायदा आणि २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. जिल्ह्यात आदेश काढायचे जिल्हाधिकाऱ्यांनी, महापालिका असेल तिथे आयुक्तांनी. नाशिकला तेव्हा सूरज मांढरे जिल्हाधिकारी होते. दुकानं किती वाजता उघडायची, बाजार भरवायचा की नाही, कुठली गल्ली किती दिवस बंद ठेवायची, लग्नाला किती माणसं, अंत्ययात्रेला किती, यांतला एकही निर्णय येवल्याच्या नगरपालिकेच्या हातात नव्हता. तिच्या वाट्याला आली ती अंमलबजावणी. बांबू बांधा, पत्रे ठोका, जंतुनाशक फवारा, घंटागाडी चालू ठेवा, स्मशानात लाकूड कमी पडू देऊ नका. ही कामं सफाई कामगारांनी केली, बहुतेकदा पुरेशा साधनांशिवाय केली. निर्णय वरून आणि झळ खाली, अशी वाटणी करून झाल्यावर खालच्याला विचारायचं, ‘तू काय ठरवलंस?’ याला न्याय म्हणत नाहीत.

यात एक गंमत आहे, आणि ती कायद्यातच आहे. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या २५ व्या कलमात जिल्हा प्राधिकरणाची रचना दिली आहे. जिल्हाधिकारी अध्यक्ष, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच कलमात पुढे म्हटलं आहे की स्थानिक संस्थेचा निवडून आलेला प्रतिनिधी सहअध्यक्ष असेल. म्हणजे आपत्तीत लोकांचा माणूस बाजूला बसवा असं कायदा म्हणतच नाही. अधिकाऱ्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसवा, असं म्हणतो. जिल्हा परिषद अध्यक्षाच्या त्या खुर्चीचा आवाज करोनाच्या दोन वर्षांत किती ऐकू आला, हे ज्याने त्याने आठवून पाहावं. आणि मार्च २०२२ मध्ये नाशिक जिल्हा परिषदेवरही प्रशासक बसल्यावर त्या खुर्चीवर बसायला निवडून आलेलं कुणी उरलंच नाही.

येवल्यापुरता आणखी एक मुद्दा सांगितला जातो. आपले आमदारच मंत्री, मग पालिकेची गरज काय? छगन भुजबळ २००४ पासून इथले आमदार आहेत. करोनाच्या काळात ते अन्न व नागरी पुरवठा मंत्रीही होते आणि नाशिकचे पालकमंत्रीही. शिवभोजन थाळी त्यांच्याच खात्याची. २६ जानेवारी २०२० ला ती १० रुपयांत सुरू झाली, टाळेबंदीत ५ रुपयांवर आली, एप्रिल २०२१ मध्ये मोफत झाली. त्या थाळीने पुष्कळांची चूल सांभाळली. ते श्रेय काढून घेण्याचं कारण नाही. पण ज्या तालुक्याचा आमदार मंत्री नाही, त्याने काय करायचं? आणि उद्या येवल्याचा आमदार मंत्री नसला तर? एका माणसाच्या वजनावर गावाची सोय होते तेव्हा ती मर्जी असते. मर्जी चांगल्या माणसाची असली तरी तिच्यावर दावा सांगता येत नाही.

या मर्जीचं कार्यालयीन रूप म्हणजे आढावा बैठक. करोनाने महाराष्ट्राला दिलेली ही खरी राज्यपद्धती. मंत्री मध्यभागी, दोन्ही बाजूंना अधिकारी, आकडे वाचले जातात, ‘यंत्रणांनी समन्वयाने काम करावे’ अशा सूचना होतात, संध्याकाळी प्रसिद्धिपत्रक निघतं आणि दुसऱ्या दिवशी ते जसंच्या तसं छापून येतं. सर्वसाधारण सभा याच्या नेमकी उलट असते. तिला आधी विषयपत्रिका लागते, गणपूर्ती लागते, विरोधात बोललेल्याचं नाव इतिवृत्तात येतं, आणि ते इतिवृत्त पुढच्या सभेत कायम करताना पुन्हा भांडण होतं. कंटाळवाणं असतं, मान्य. कधी माइक फेकले जातात, तेही मान्य. पण जंतुनाशक कुणाकडून घेतलं, किती दराने घेतलं आणि निविदा कुठे आहे, हा प्रश्न तिथे विचारता येतो आणि लिहून ठेवावा लागतो. आढावा बैठकीत असा प्रश्न विचारणारा माणूस शिष्टाचार सोडून वागला असं ठरतं.

पालिकांच्या सभा या काळात बंद पडल्या नाहीत हे खरं. २०२० च्या जुलैपासून त्या दृक्‌श्राव्य माध्यमातून घ्या, असं नगरविकास खात्याने कळवलं. पण मागच्या बाकावर बसणारा नागरिक, कोपऱ्यातला वार्ताहर, दारात निवेदन घेऊन उभ्या राहिलेल्या बायका या सगळ्यांना त्या पडद्यात जागा नव्हती. आवाज नको असेल तर बंद करायला एक बटण पुरत होतं. त्याच्या आधीच्या एप्रिलमध्ये तर राज्याने वर्तमानपत्रं घरोघरी टाकायलाच बंदी केली होती. मुद्रण चालू, वाटप बंद. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि काही दिवसांत मुंबई-पुण्याबाहेर ती बंदी सैल करावी लागली. तोवर गावाला कळत होतं ते संध्याकाळच्या मोबाइलवरच्या यादीतून: नाशिक ग्रामीण इतके, मालेगाव इतके, येवला इतके. आकडा कळायचा. बंद केलेल्या गल्लीत दूध कोण पोचवणार, मधुमेहाच्या म्हाताऱ्याची गोळी कोण आणणार, हे यादीत नसायचं. ते विचारायला केलेला फोन कलेक्टर कचेरीत जात नसे. प्रभागातल्या त्याच नगरसेवकाला जायचा, ज्याला आज आपण बिनकामाचा म्हणतो.

आता पैठणीचं घ्या, कारण येवल्यात बाकी काही बोललं तरी शेवटी तिथेच यावं लागतं. माग घरात असतो. त्यामुळे टाळेबंदीत विणकराचं काम थांबणार नाही असं वरून पाहणाऱ्याला वाटू शकतं: बाहेर पडायचं नाही, घरात बसून विणायचं आहे, मग अडचण काय? अडचण अशी की रेशीम कर्नाटकातून येतं, जर सुरतेहून येते, विकणारी दुकानं बंद आणि लग्नसराई बुडालेली. एक ताणा संपला की दुसरा लावायला माल नाही. जो स्वतःच्या मागावर विणतो त्याचं भांडवल अडकलं. जो दुसऱ्याच्या मागावर साडीमागे मजुरी घेतो, त्याच्यावर उचल आधीच होती, ती वाढली. ही दोन माणसं एकाच गल्लीत, कधी एकाच भिंतीला लागून राहतात. सरकारी कागदावर मात्र दोघंही ‘विणकर’. रेशनचं तसंच. एप्रिल २०२० पासून प्राधान्य आणि अंत्योदय कार्डांवर माणशी ५ किलो तांदूळ मोफत मिळाला. केशरी कार्ड आहे पण प्राधान्य यादीत नाव नाही अशांना मे आणि जूनमध्ये गहू ८ रुपये आणि तांदूळ १२ रुपये किलोने मिळाला. ज्याच्याकडे कार्डच नाही तो आणखी मागे. यादीत नसलेला पण उपाशी कोण आहे, ही माहिती कुठल्याच पोर्टलवर नसते. ती प्रभागात असते. ती कागदावर आणून ‘आमच्या प्रभागातली इतकी घरं सुटली’ असं अधिकाऱ्यासमोर म्हणायला ज्याला त्या घरांची मतं हवी आहेत असा माणूस लागतो. हा स्वार्थ आहे, आहेच. लोकशाही नगरसेवकाच्या या स्वार्थाला कामाला जुंपते. प्रशासकाला असा स्वार्थच नसतो, आणि तीच त्याची उणीव आहे.

विणकरांचं बोलणं दिल्लीपर्यंत नेणारी जी काही मोडकीतोडकी वाट होती, तीही याच काळात गेली. २७ जुलै २०२० ला केंद्राने अखिल भारतीय हातमाग मंडळ बरखास्त केलं, ७ ऑगस्टचा राष्ट्रीय हातमाग दिन अकरा दिवसांवर असताना. कारण दिलं गेलं ते सुटसुटीत कारभाराचं. सल्लागार मंडळ होतं, फार काही करत नव्हतं, हे खरं असेल. ‘फार काही करत नव्हतं’ हे कारण दाखवून लोकांचा आवाज नेणारी किती ठिकाणं त्या दोन वर्षांत बंद झाली, याचा हिशेब मांडला तर येवल्याचा प्रशासक हा त्याच ओळीत पुढे येतो.

साथीत कडक अधिकारीच हवा, ही समजूत नवी नाही. ती आपल्याकडे एकदा पुरेपूर आजमावून झाली आहे. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला तेव्हा सरकारने नगरपालिकेला बाजूला सारून वॉल्टर रँडच्या हाताखाली प्लेग समिती नेमली. गोरे शिपाई घराघरांत शिरले, सामान जाळलं गेलं, माणसं उचलून छावणीत नेली गेली. लोक रुग्ण लपवू लागले. २२ जूनला चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. त्यानंतर काय झालं, हे फारसं सांगितलं जात नाही. सक्तीने लोक रोग लपवतात हे सरकारलाच उमगलं आणि पुढच्या वर्षांत झडत्या सैल करत, स्थानिक स्वयंसेवकांना आणि पुढाऱ्यांना सोबत घेत धोरण बदलावं लागलं. १८९७ च्याच मार्चमध्ये सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या. त्यांना कुठल्या समितीने नेमलं नव्हतं. एवढा अनुभव गाठीशी असताना १२३ वर्षांनी आपण कपाटातून काढला तो त्याच वर्षीचा कायदा.

जवळचा दाखला हवा तर मनमाड ओलांडून मालेगावला जा. एप्रिल २०२० मध्ये तिथे साथ भडकली. पंकज आशिया यांच्यासारखे तरुण आयएएस अधिकारी मुद्दाम पाठवले गेले, आणि त्यांनी राबून काम केलं यात वाद नाही. पण नुसत्या नाकाबंदीने मालेगाव शांत झालं नाही. भीतीने बंद झालेले खासगी दवाखाने उघडले, मौलानांनी लोकांना समजावलं, गल्लीतल्या ओळखीच्या माणसांनी तपासणीची भीती घालवली, तेव्हा ते सावरलं. चांगला अधिकारी हे जाणतो. ‘गाव अधिकाऱ्यांनी वाचवलं’ असं म्हणणारे त्या अधिकाऱ्याचं निम्मं काम विसरतात.

माझ्या बाजूला एक खरी अडचण आहे आणि ती टाळून पुढे जाणं लबाडीचं होईल. स्थानिक म्हणजे भलं, असं मुळीच नाही. टाळेबंदीत गावांनी रस्त्यांवर काटेरी फांद्या टाकल्या, मुंबई-पुण्याहून पायी आलेल्या स्वतःच्याच लेकरांना वेशीवर अडवलं, बऱ्या होऊन आलेल्या रुग्णाच्या घरावर अघोषित बहिष्कार घातला. गावाचा हा चेहरा डॉ. आंबेडकरांनी फार आधी ओळखला होता. ज्यांनी १३ ऑक्टोबर १९३५ ला याच येवल्यात हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं, त्यांनीच त्याआधी मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर कडाडून टीका केली होती आणि पुढे संविधान सभेत खेड्यांचं गुणगान करणाऱ्यांना चार शब्द सुनावले होते. येवल्यात बसून स्थानिक स्वराज्याची बाजू मांडताना त्या घोषणेच्या जागेकडे, मुक्तिभूमीकडे, पाठ फिरवता येत नाही. पण बाबासाहेबांची हरकत होती ती दलितांना हमखास जागा न देता सत्ता गावाच्या हाती सोपवण्याला. त्यावर उतारा म्हणून राखीव जागा आल्या, ठरलेल्या मुदतीत निवडणूक आली, आणि १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने दोन्ही गोष्टी शहरांसाठी संविधानात बसवल्या. गावातला दांडगा वरचढ होऊ नये म्हणून जी कुंपणं घातली, ती निवडणुकीसोबतच उभी राहतात. निवडणूकच थांबवली की राखीव जागेवरची बाईही घरी बसते आणि दांडगा मात्र प्रशासकाच्या दालनात चहा घेत असतो. त्याला निवडून यावं लागत नाही, म्हणून तो उलट सुखातच असतो.

यावर कुणी म्हणेल, पण साथ होती, निवडणूक घेणार कशी? हे मात्र साफ खोटं आहे आणि ते पुराव्याने दाखवता येतं. केरळने डिसेंबर २०२० मध्ये स्थानिक संस्थांच्या निवडणुका घेतल्या. महाराष्ट्रानेच १५ जानेवारी २०२१ ला १४ हजारांवर ग्रामपंचायतींची निवडणूक घेतली. दुसरी लाट ऐन भरात असताना, १७ एप्रिल २०२१ ला, पंढरपूरची विधानसभेची पोटनिवडणूक झाली. आणि येवल्याची मुदत संपत होती नेमक्या त्याच डिसेंबरमध्ये शेजारच्या निफाडच्या नगरपंचायतीचं मतदान झालं. देवळा, कळवण, दिंडोरी, पेठ, सुरगाणा इथेही झालं. राहिलेल्या जागांचं जानेवारी २०२२ मध्ये, ओमायक्रॉन पसरत असताना. निफाडला जो विषाणू मतदान करू देतो, तो विंचूर ओलांडून येवल्यात आल्यावर अडवतो, असं तर नाही ना?

खरं कारण दुसरंच होतं. ४ मार्च २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक संस्थांतल्या ओबीसी आरक्षणाला आकडेवारीची अट घातली. आकडेवारी सरकारकडे नव्हती. सगळ्या पक्षांनी एका सुरात ठरवलं की ओबीसी आरक्षणाशिवाय निवडणूक नाही. मागणी रास्त होती आणि येवल्याच्या आमदारांचं तर ते आयुष्यभराचं राजकारण. पण २०२२ च्या मार्चमध्ये विधिमंडळाने प्रभागरचनेचे अधिकार राज्य सरकारकडे ओढून घेतले, त्याला एकाही बाकावरून विरोध झाला नाही, तिथे शंका यायला हवी होती. आकडेवारीसाठी नेमलेल्या बांठिया आयोगाचा अहवाल आला, जुलै २०२२ मध्ये न्यायालयाने तो मान्यही केला, तरी गाडी पुन्हा अडली. सरकारं बदलली, फुटली, नव्याने जुळली, प्रशासक तसेच. शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने मुदत घालून दिली तेव्हा कुठे डिसेंबर २०२५ मध्ये मतदान झालं. ओबीसींना जागा मिळाव्यात म्हणून चार वर्षं ओबीसींसकट कुणालाच जागा मिळाली नाही. संविधानाचं कलम २४३-यू मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या असं सांगतं. २००६ मध्ये किशनसिंग तोमर खटल्यात न्यायालयाने तेच बजावलं होतं. हे सगळं छापलेलं होतं. वाचायची कुणाला घाई नव्हती, कारण सत्तेत असलेल्या प्रत्येकाला मंत्रालयातून नेमलेला अधिकारी निवडून आलेल्या सभागृहापेक्षा सोयीचा वाटला.

आता ‘गावाचं काही अडलं नाही’ याकडे वळू. कुणाचं अडलं नाही? ज्याचा नंबर मुख्याधिकाऱ्यांच्या मोबाइलमध्ये साठवलेला आहे, त्याचं अडलं नाही. करोनात कर्ता पुरुष गेल्यावर ५० हजारांच्या सानुग्रह मदतीसाठी बाई मृत्यूचा दाखला, रुग्णालयाचा कागद आणि तपासणीचा अहवाल जुळवत फिरली. नावातल्या एका चुकीच्या अक्षरासाठी तिला किती खेपा पडल्या, हे कुठल्या आढाव्यात आलं? जन्म-मृत्यूची नोंद पालिकेकडे असते. त्या खिडकीवरच्या दिरंगाईचा जाब सभेत विचारणारा माणूस त्या वर्षांत नव्हता. संक्रांतीला तीन दिवस येवला गच्च्यांवर असतं, पतंगाची आसारी हातात घेऊन; रंगपंचमीला रंगांचे सामने टिळक मैदानात होतात. गच्चीवरच्या गर्दीत आणि मैदानातल्या गर्दीत फरक असतो, हे नाशिकहून निघणाऱ्या एका ओळीच्या आदेशाला कळणार नाही आणि कळावं अशी अपेक्षाही नाही. ते कळणारी माणसं निवडून द्यायची सोय होती, ती आपण मोडू दिली आणि वर म्हणालो, बरं झालं.

आता सभागृह पुन्हा बसलं आहे. नव्या नगरसेवकांना माझं एवढंच मागणं आहे: प्रशासकाने चार वर्षांत स्वतःच प्रस्ताव मांडून स्वतःच मंजूर केलेले सगळे ठराव, त्यांवरचा खर्च आणि २०२० पासूनची करोना खर्चाची बिलं एका सभेच्या विषयपत्रिकेवर घ्या, दारं उघडी ठेवा, आणि गावासमोर मोठ्याने वाचा. दोन दिवस लागले तरी चालतील. जे म्हणतात की तुम्ही नसताना सगळं उत्तम चाललं होतं, त्यांना पहिल्या रांगेत बसवा.